अमेरिकी कॉलेज फुटबॉल: धुव्वा उडवणं मोठं, की कुणाचा उडवला ते मोठं?

बापू_ब्लूमिंग्टन (धागाकर्ता)
जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ हरवून हंगाम १६-० (विजय-पराभव) असा संपवला. तेव्हापासून 'आजवरचा सर्वोत्तम संघ कोणता' ही यादी परत बाहेर निघाली आहे, आणि वाद नेहमीच्याच वळणावर अडकतोय.

एक पक्ष म्हणतो, रोझ बोल या हंगामानंतरच्या सामन्यात अलाबामाला ३८-३ आणि पीच बोलमध्ये ऑरेगनला ५६-२२ धुतल्यावर आणखी काय पुरावा हवा? दुसरा पक्ष हंगामाच्या सुरुवातीकडे बोट दाखवतो: ओल्ड डोमिनियन २७-१४, केनेसॉ स्टेट ५६-९, इंडियाना स्टेट ७३-०. तीन सामन्यांत १५६-२३, पण समोर कोण होतं?

माझा प्रश्न असा: संघ तोलताना गुणफरकाला किती वजन द्यायचं आणि शेड्यूलला (कुणाकुणाशी खेळलात त्याला) किती? 'दोन्ही महत्त्वाचं' हे उत्तर नको. ते आमच्याकडेही आहे.

चौथा_डाऊन
आधी प्रश्नाचे दोन तुकडे करा. 'आज तटस्थ मैदानावर कोण जिंकेल' हा एक, आणि 'हंगामभरात कुणी जास्त कमावलं' हा दुसरा. पहिल्याला गुणफरक जास्त उपयोगी पडतो, दुसऱ्याला शेड्यूल आणि निकाल. प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीचे १३ सदस्य दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच यादीत देतात, म्हणून दर डिसेंबरला बोंबाबोंब होते.

२०२३ आठवा. फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी या कॉन्फरन्सचे (संघांच्या गटाचे) विजेते, तरी पाचवे, आणि प्लेऑफला तेव्हा चारच जागा. चौथी जागा एक पराभव असलेल्या अलाबामाला. कमाईच्या यादीत फ्लोरिडा स्टेटला वगळणं अशक्य होतं. ताकदीच्या यादीत क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यावर ते घसरले होते.

टॅलाहासीकर
आणि ट्रॅव्हिस जायबंदी झाला कुठे? नॉर्थ अलाबामाविरुद्ध. म्हणजे खालच्या विभागातल्या संघाला पैसे देऊन बोलावलेल्या सामन्यात. सोप्या शेड्यूलची किंमत अशीही मोजावी लागते.

तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक खेळवून लुइव्हिलला १६-६ हरवलं. बचावफळीने अख्ख्या सामन्यात एकही टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण) दिला नाही. पण धावफलक 'दिसायला' चांगला नव्हता ना! जिंकणं पुरत नसेल तर सामने खेळवता कशाला?

रेडझोन_राणे
नंतर ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३-३ केलं त्याचं काय, तात्या?

टॅलाहासीकर
दोन डझनांहून जास्त खेळाडू त्या सामन्यात नव्हते. कोणी दुसऱ्या कॉलेजात निघालेला, कोणी एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) तयारीला. त्या निकालावरून डिसेंबरचा निर्णय बरोबर ठरवणं म्हणजे वरात गेल्यावर मांडवाचं माप काढणं.

आकडेमोड
'शेड्यूल तगडं' म्हणजे नक्की किती, हे मोजता येतं. प्रतिस्पर्ध्यांच्या क्रमांकांची सरासरी काढू नका. त्याऐवजी विचारा: टॉप-२५ मधला एखादा सर्वसाधारण संघ याच शेड्यूलला बसवला असता तर त्याला एवढं यश मिळण्याची शक्यता किती? यालाच 'स्ट्रेंग्थ ऑफ रेकॉर्ड' म्हणतात.

शेड्यूल 'क': १२ सामने, प्रत्येकात आपल्या नमुना संघाची जिंकण्याची शक्यता ९५%. सगळे जिंकण्याची शक्यता ०.९५ चा १२ वा घात, म्हणजे ५४%.

शेड्यूल 'ख': ८ सामने ९०% चे, ४ सामने ५५% चे. सगळे जिंकण्याची शक्यता जेमतेम ४%. जास्तीत जास्त एक पराभव म्हटलं तर २०%. जास्तीत जास्त दोन पराभव, तर ४९%.

म्हणजे 'ख' वर १०-२ करणं हे 'क' वर १२-० करण्यापेक्षा किंचित अवघडच आहे. इथे गुणफरक कुठेच आलेला नाही. फक्त जिंकले की हरले एवढंच.

बाय_वीक
आता हे कुणीतरी बारमध्ये शनिवारी रात्री समजावून दाखवा.

चौथा_डाऊन
आकडेमोड, +१. पण ते ९५% आणि ५५% आले कुठून? कुठल्यातरी ताकदीच्या रेटिंगमधून, आणि त्या रेटिंगमध्ये गुणफरक आहेच. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने आत.

आकडेमोड
बरोबर. पण फरक आहे. प्रतिस्पर्ध्यांची ताकद ठरवायला गुणफरक वापरला, तुमच्या संघाचं यश मोजायला नाही. त्यामुळे तुम्ही दुबळ्या संघावर शेवटच्या मिनिटाला आणखी एक टचडाऊन चढवून स्वतःचं काही वाढवू शकत नाही.

आणि सरासरीबद्दल एक. दोन शेड्यूल घ्या. एकात १० सामने ९९% चे आणि २ सामने ५०% चे. दुसऱ्यात १२ च्या १२ सामने सुमारे ९१% चे. दोन्हीत अपेक्षित विजय १०.९. पण अपराजित राहण्याची शक्यता पहिल्यात २३%, दुसऱ्यात ३२%. बलाढ्य संघाला त्रास देतात ते दोन डोंगर. मधली टेकाडं फारशी नाहीत. बोल गाठण्यासाठी सहा विजय शोधणाऱ्या संघाचं उलट: त्याला समोर ओहायो स्टेट आली काय आणि जॉर्जिया आली काय, हरणारच. त्याचं भवितव्य तळाचे सामने ठरवतात. म्हणून 'एसओएस (शेड्यूलची ताकद) ३७ वा' हा एकच आकडा दोन्ही संघांना लावणं चूक आहे.

२०२५ च्या हंगामाआधी समितीनेही तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांचं वजन वाढवलं आणि 'रेकॉर्ड स्ट्रेंग्थ' हा नवा मापदंड आणला. त्यात तगड्यांना हरवल्याचं श्रेय जास्त आणि तगड्यांकडून हरल्याची शिक्षा कमी.

जुना_बीसीएस
नव्या पिढीला माहीत नसेल, पण एकेकाळी या वादाचा भाव चक्क छापलेला होता. १९९८ ते २००३ च्या बीसीएस (प्लेऑफच्या आधी अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणारी पद्धत) सूत्रात शेड्यूलच्या क्रमांकाला २५ ने भागून गुण मिळवायचे आणि प्रत्येक पराभवाला एक गुण मिळवायचा. कमी गुणवाला वर. म्हणजे शेड्यूलच्या यादीतल्या २५ पायऱ्या = एक पराभव. कुणाला पटो न पटो, भाव सगळ्यांना माहीत होता.

शेड्यूल काढायची रीत: दोन तृतीयांश वजन प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला, एक तृतीयांश प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या.

त्यातून २००१ चा तमाशा झाला. नेब्रास्का साखळीतल्या शेवटच्या सामन्यात कोलोराडोकडून ६२-३६ हरला, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही पोचला नाही, आणि तरी ०.०५ च्या फरकाने कोलोराडोला मागे टाकून राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला. तिथे मायामीने ३७-१४ केलं. ऑरेगन दोन्ही मतदान याद्यांत दुसरा असून घरी. २००२ पासून सूत्रातल्या संगणक-क्रमवाऱ्यांना गुणफरक वापरायला बंदी आली आणि २००४ पासून शेड्यूलचा वेगळा रकानाही गेला.

प्लेन्सचा_वाघ
आणि त्याच २००४ मध्ये ऑबर्न १३-० असून अंतिम सामन्याबाहेर! आमच्या शेड्यूलवर खालच्या विभागातलं द सिटाडेल होतं म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. खरं कारण वेगळं होतं. हंगामपूर्व यादीत यूएससी पहिला, ओक्लाहोमा दुसरा, ऑबर्न सतरावा. पहिले दोन हरलेच नाहीत तर मतदार त्यांना खाली का आणतील? मग यूएससीने ओक्लाहोमाला ५५-१९ असं लोळवलं.

रेडझोन_राणे
द सिटाडेल, लुइझियाना-मन्रो, लुइझियाना टेक. नाकं उगाच नव्हती मुरडली, वाघोबा. दिवे घ्या.

आकडेमोड
गुणफरक अजिबात न घेता शेड्यूल कसं आत येतं याचा सर्वात स्वच्छ नमुना म्हणजे कॉली पद्धत. कागद-पेन्सिलने करता येते:

रेटिंग = [१ + (विजय − पराभव) ÷ २ + सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची बेरीज] ÷ (२ + सामने)

सगळ्यांना ०.५ पासून सुरुवात. एक फेरी झाली की नवी रेटिंग परत सूत्रात घालायची, आकडे हलायचे थांबेपर्यंत.

१३-०, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४५: (१ + ६.५ + ५.८५) ÷ १५ = ०.८९०.
११-२, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.६२: (१ + ४.५ + ८.०६) ÷ १५ = ०.९०४.

दोन पराभववाला वर. १३ सामन्यांत एका पराभवाची किंमत म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीत १ ÷ १३, सुमारे ०.०७७.

जुना_बीसीएस
कॉलीवरून आठवलं. २०१० मध्ये खालच्या विभागाच्या प्लेऑफचा एकच सामना, वेस्टर्न इलिनॉय विरुद्ध ॲपलाशियन स्टेट, कॉलींच्या माहितीत भरायचा राहिला. तेवढ्याने अंतिम बीसीएस यादीत एलएसयू आणि बॉयझी स्टेट यांची १० वी-११ वी जागा उलटसुलट झाली. प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिस्पर्ध्याचं गणित कुठवर पोचतं बघा. बीसीएसच्या सहा संगणक-क्रमवाऱ्यांपैकी कॉलीचं सूत्र उघड होतं म्हणून चूक सापडली. बाकीच्यांचं देव जाणे.

पर्वरीचा_पाव
अवांतर, पण फार नाही. आपल्याकडे हाच वाद रणजीत पडून आहे. ऑक्टोबर २०१६, वानखेडे: स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांची दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४ ची भागी. नोव्हेंबर २०२४, पर्वरी: गोव्याचे कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर, नाबाद ६०६, प्लेट गटात अरुणाचल प्रदेशविरुद्ध. दोन्ही तिसऱ्या विकेटसाठी. विक्रमाच्या वहीत ६०६ वर आहे. गोंयकार असूनही विचारतो, मोठी कुठली?

बाय_वीक
गोंयकाराने स्वतःच विचारलं म्हणजे उत्तर ठाऊक आहे.

आकडेमोड
इतकं सोपं नाही. वानखेडेच्या त्याच सामन्यात दिल्लीने उत्तरादाखल ५९० केल्या, ऋषभ पंतच्या एकट्याच्या ३०८. म्हणजे खेळपट्टी पाटा होती. पर्वरीत अरुणाचल ८४ आणि ९२ मध्ये बाद. त्याच खेळपट्टीवर दुसऱ्याने काय केलं, हे बघितल्याशिवाय गुणफरकाला अर्थ नाही. फुटबॉलमध्ये याला 'समान प्रतिस्पर्धी' म्हणतात, आणि समितीच्या निकषांत ते आहेही.

चौथा_डाऊन
मग भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३ राहिलेच की. काठियावाडने सामनाच सोडून दिला नसता तर ब्रॅडमनचे ४५२ गेले असते. तुडवायला समोरचा मैदानात तरी राहायला हवा.

एसईसी_सदाशिव
बराच वेळ वाचतोय. सगळं गणित झालं, पण मूळ गोष्ट कुणी बोलत नाही. आमच्या एसईसी कॉन्फरन्समध्ये दर शनिवारी कुस्ती असते. आमचा तीन पराभवांचा संघ इतरांच्या एक पराभववाल्यापेक्षा भारी. २०२४ मध्ये आमच्या ९-३ अलाबामाला वगळून प्लेऑफमध्ये ११-२ एसएमयू घेतला आणि पेन स्टेटने त्यांना ३८-१० झोडलं. संपला विषय.

आकडेमोड
तोच अलाबामा व्हँडरबिल्टकडून ४०-३५ आणि नियमित हंगामात सहा पराभव झालेल्या ओक्लाहोमाकडून २४-३ हरला होता. तगड्या शेड्यूलमधले सोपे सामने हरणं हे शेड्यूलच्या खात्यात टाकता येत नाही.

आता एसईसीच्या फुगवट्याचं गणित. कॉन्फरन्सच्या आतल्या सामन्यात एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, त्यामुळे आतली सरासरी कायम ०.५००. फरक पडतो तो बाहेरच्या सामन्यांनी. आतले ८ आणि बाहेरचे ४ सगळे जिंकले असं धरा: सरासरी (४ + ४) ÷ १२ = ०.६६७. इंडियानाच्या बिग टेन कॉन्फरन्ससारखे आतले ९ आणि बाहेरचे ३: (४.५ + ३) ÷ १२ = ०.६२५. एकही खेळाडू न बदलता प्रतिस्पर्ध्यांचं विजयप्रमाण ०.०४२ ने जास्त दिसतं, निव्वळ एक जास्तीचा दुबळा संघ बोलावल्यामुळे.

हे एका ठरावीक सूत्राचं दुखणं आहे. चांगल्या पद्धती ते दुरुस्त करतात. पण टीव्हीवरच्या चर्चेत जो आकडा फेकला जातो तो बहुतेक वेळा हाच कच्चा असतो. त्यात आणखी एक खोट: स्वतःचा सामना वजा करायला विसरतात. १२-० संघाच्या बाराही प्रतिस्पर्ध्यांच्या नावावर एक पराभव त्या संघानेच चढवलेला असतो. तो न काढता मोजलं तर अपराजित संघालाच शिक्षा होते.

एसईसी_सदाशिव
२०२६ पासून आम्हीही नऊ खेळतोय, शिवाय बाहेरचा एक मोठ्या कॉन्फरन्सचा संघ सक्तीचा. मग कुणाला दोष द्याल?

रेडझोन_राणे
नोव्हेंबरमध्ये दुबळ्या संघाशी ठेवलेल्या त्या 'विश्रांतीच्या' सामन्याला. तो काही जात नाही.

बाय_वीक
दुबळे म्हणून हिणवू नका हो. १ सप्टेंबर २००७, ॲपलाशियन स्टेट ३४, मिशिगन ३२. आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉय १६, नॉत्र दाम १४. दोन्ही पाहुण्यांनी यजमानाच्या अंगणात येऊन.

ऑरलँडोचा_अप्पा
ज्यांना कुणी खेळायलाच बोलावत नाही त्यांचं काय? आमचं यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा) २०१७: १३-०, पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ हरवलं. त्या ऑबर्नने अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांना, अलाबामा आणि जॉर्जियाला, हरवलेलं होतं. समितीने आम्हाला ठेवलं बाराव्या क्रमांकावर. कॉली पद्धतीने पहिला नंबर यूसीएफला दिला.

छोट्या शाळांची मेख अशी की मोठ्या संघांशी करार वर्षानुवर्षं आधी होतात. करार करताना जो संघ बलवान असतो तो सामन्याच्या वर्षी लुळा पडलेला असू शकतो. आणि तुम्ही धोकादायक झालात की 'आमच्या मैदानावर या, परत आम्ही तुमच्याकडे येणार नाही' अशी अट येते.

सिनसिनाटीचा २०२१ चा मार्ग मोकळा झाला तो नॉत्र दामला त्यांच्याच घरी २४-१३ हरवल्यामुळे. तो एक करार नसता तर १३-० ला कुणी विचारलं नसतं.

चौथा_डाऊन
बीवाययू १९८४ ने मात्र ते साधलं. १३-०, हॉलिडे बोलमध्ये शेवटी ६-६ ठरलेल्या मिशिगनला २४-१७ हरवलं आणि राष्ट्रीय विजेते. आज तसा संघ यादीत कुठे असता?

आकडेमोड
आता गुणफरकाकडे, कारण बापूंचा अर्धा प्रश्न तिथे आहे. कच्चा गुणफरक तीन ठिकाणी फसवतो.

एक, ३५ ची आघाडी झाल्यावर मुख्य खेळाडू बाहेर येतात, चेंडू पळवत घड्याळ संपवतात. ७३-० आणि ४५-० मधला फरक बहुधा राखीव खेळाडूंचा आणि प्रशिक्षकाच्या स्वभावाचा असतो. म्हणून 'सिंपल रेटिंग सिस्टिम'च्या कॉलेज आवृत्तीत फरक २४ वर कापतात आणि विजयाला किमान ७ धरतात. फ्रेमोची एफईआय पद्धत तर निकाल लागून गेल्यानंतरच्या चढाया मोजतच नाही.

दोन, फंबल. चेंडू सुटल्यावर तो कुणाच्या हाती लागेल यात नशिबाचा वाटा मोठा. दोन फंबल उचलून टचडाऊन झाले की २० गुणांचा विजय ६ चा असू शकतो, आणि उलटही.

तीन, घरचं मैदान. दोन-तीन गुण सरळ वजा करा.

एवढं करून जो फरक उरतो त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी मिळवायची. बापू, हे तुमचं उत्तर: गुणफरक आणि शेड्यूल यांचं वजन वाटून घ्यायचंच नसतं, ते बेरजेत आहेत. ४० ने जिंकलात आणि प्रतिस्पर्धी सरासरीपेक्षा २५ गुणांनी कच्चा, तर तुमची कामगिरी १५ ची. ५ ने जिंकलात आणि प्रतिस्पर्धी १५ ने चांगला, तर २०.

बाय_वीक
१९१६, जॉर्जिया टेक २२२, कंबरलंड ०. कापा २४ वर.

बापू_ब्लूमिंग्टन
बेरीज पटली. पण कमाईच्या यादीला ती चालत नाही ना? फ्लोरिडा स्टेटला सांगणार का, की तुमचे १३ विजय खरे पण बेरीज कमी?

आकडेमोड
नाही, तिथे वरचं ५४%-४९% वालं माप. ताकदीसाठी बेरीज, कमाईसाठी ते.

चौथा_डाऊन
मग दोन्ही मापं इंडियानाला लावू. २०२४ आणि २०२५ शेजारी ठेवा. प्रशिक्षक तोच, कर्ट सिग्नेटी. बाहेरचे सामने दोन्ही वर्षी हलके. २०२४ मध्ये वेस्टर्न इलिनॉयला ७७-३. पण २०२४ मध्ये डोंगर दोनच आले आणि दोन्हीकडे घसरले: ओहायो स्टेटकडून ३८-१५, नॉत्र दामकडून २७-१७. २०२५ मध्ये ऑरेगनला त्यांच्या घरी ३०-२०, मग ओहायो स्टेट १३-१०, अलाबामा, परत ऑरेगन, मायामी. बाहेरच्या तीन सामन्यांनी कुठल्याच वर्षी काही सिद्ध केलं नाही. ते बाजूला काढून उरलेले १३ बघा.

रेडझोन_राणे
त्या १३ मध्ये पेन स्टेट कसा मोजणार? हंगामपूर्व यादीत दुसरा, इंडियानाशी खेळला तेव्हा ३-५, प्रशिक्षकाला मधेच नारळ. आणि त्याच संघाने २७-२४ पर्यंत घाम फोडला. इलिनॉय नववा असताना ६३-१० खाल्ला.

आकडेमोड
हंगामाअखेरच्या रेटिंगने मोजायचं, सामन्याच्या दिवशीच्या क्रमांकाने नाही. २०१९ च्या एलएसयूचे 'पहिल्या दहातले सात बळी' याच कारणाने जरा फुगलेले आहेत. टेक्सास नववा असताना ४५-३८ हरला, पण हंगाम संपवला ८-५ वर. तरीही अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा, क्लेमसन उरतातच.

जुना_बीसीएस
ताकदीच्या यादीत माझा पहिला नंबर अजून १९९५ चा नेब्रास्का. १२-०, सर्वात अटीतटीचा विजय १४ गुणांचा, आणि हरवलेल्यांत अंतिम यादीच्या पहिल्या दहातले चार: फ्लोरिडा, कोलोराडो, कॅन्सस स्टेट, कॅन्सस. फ्लोरिडाला तर ६२-२४. २००१ च्या मायामीने ५१२-११७ केलं खरं, पण व्हर्जिनिया टेकशी २६-२४ आणि बॉस्टन कॉलेजशी १८-७ होतं. इंडियानाला आयोवा २०-१५, पेन स्टेट २७-२४, ओहायो स्टेट १३-१०.

बापू_ब्लूमिंग्टन
नेब्रास्काने १२ जिंकले, आम्ही इंडियानाने १६. शेवटचे चारही पहिल्या फळीतल्या संघांशी, एकही घरच्या मैदानावर नाही. ५४%-४९% वालं माप लावा आणि सांगा.

जुना_बीसीएस
कमाईच्या यादीत मग इंडियाना वर, हे देतो. ताकदीत नाही.

एसईसी_सदाशिव
आणि या दोन्ही याद्यांत एलएसयू कुठे?

बाय_वीक
पान दुसरं सुरू. पॉपकॉर्न आणतो.